वरच्या फळीवरची पुस्तकं

वाचनालयातल्या सर्वांत वरच्या फळीवरची पुस्तकं गेले तीन महिने बाहेर गेलेली होती. निदान ग्रंथपाल तसं सांगत. प्रत्यक्षात ती जागच्या जागी धूळ खात उभी होती. पण वाचक सहसा वर पाहत नाहीत.

अडचण शिडीची होती. तिला सात पायऱ्या, आणि तिसरीवरच ग्रंथपालांच्या मांड्या संप पुकारत. खांदे तर सकाळी शर्टाच्या बाह्यांशी झटापट करूनच दमलेले असत. बायको म्हणाली, "अहो, छप्पन्न झाली. वय म्हणतात याला." वय असं एकाएकी येतं हे त्यांना पटलं नव्हतं, पण वाद घालायलाही त्राण लागतं. वाचनालयात बोलायची सोय नव्हती. कार्यवाहांचा मेहुणा ग्रंथपालांच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता, आणि तो शिडी सरसर चढायचा.

"दीपगृहांचं पुस्तक आलं का?" सिस्टरनी चौथ्यांदा विचारलं. परिचारिका म्हणून निवृत्त होऊनही त्यांचा आवाज अजून ड्यूटीवरच होता.

"बाहेर गेलंय."

"कोणाकडे?"

"आहेत एक वाचक."

"परत का नाही करत?"

"थकलेत बिचारे."

सिस्टरनी चष्मा सावरून वर पाहिलं. "ते लाल पुठ्ठ्याचं, तेच ना? तुमचे थकलेले वाचक इथेच बसतात वाटतं, रोज."

ग्रंथपाल खाली बसले. उभं राहण्यात आता तसाही अर्थ नव्हता. मांड्या-खांद्यांचं दुखणं त्यांनी सांगून टाकलं.

"नवीन गोळी सुरू झालीय काही?"

"कोलेस्टेरॉलची. दादा हार्टनं गेला, त्यानंतर. तीन महिने झाले."

"आणि दुखणं कधीपासून?"

"तीन..." ग्रंथपाल थांबले. हे दोन 'तीन' त्यांनी आजवर शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

"लघवी काळपट होते?"

वाचनालयात हा प्रश्न प्रथमच विचारला जात होता. "नाही हो," ते कुजबुजले.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

"धन्य आहात! उद्याच्या उद्या जा. आणि आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही."

"डॉक्टरांनीच बंद केली तर? मग दादासारखं..."

"हेच त्यांना विचारा. मी पुस्तक न्यायला आलेय."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "गोळीमुळे असेल, नसेलही," ते म्हणाले. "थोडे दिवस थांबवून बघू. मग दुसरी देऊ, कमी ताकदीची. दादांचं लक्षात आहे माझ्या."

तीन आठवड्यांनी ग्रंथपाल शिडी चढले. चौथ्या पायरीवर एकदा थांबले, सहावीवर दोनदा. खांदा कुरकुरला, पण हात पोचला. खाली येऊन ते शेवटच्या पायरीवरच टेकले आणि पुस्तक पुढे केलं.

सिस्टरनी चार पानं उलटली. "अगबाई, हे वाचलंय मी."

ग्रंथपालांनी शिडीकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे.

"ठेवा टेबलावर," ते म्हणाले. "वर ठेवायचं उद्या बघू."