वर जाऊन आलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, दोन ठिकाणी पोचा पडलेला जेवणाचा डबा आहे आणि मी जमिनीपासून तीस किलोमीटर उंच जाऊन आलो आहे. हे मी कपाटातल्या कपबशांना सांगितलं, तर त्या मागे सरकल्या. तुम्ही सरकू नका.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पत्रा ठोकला की डबा होतो. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते हवामान केंद्रातल्या फुगेकाकांच्या पिशवीत. काकांचं काम एकच. रोज सकाळी माणसाहून मोठा पांढरा फुगा गॅसने भरायचा, त्याखाली पॅराशूट बांधायचं, त्याखाली थर्मोकोलचं पांढरं खोकं बांधायचं आणि सोडून द्यायचं. खोक्यातलं यंत्र वर जाता जाता हवेचं तापमान, दाब आणि ओलावा खाली कळवतं. जगात ठिकठिकाणी याच वेळी असे फुगे सुटतात. काकांना याचा एवढा अभिमान, की फुगा दिसेनासा होईपर्यंत ते टोपी काढून उभे राहायचे.

आता घोळ बघा. जेवण गरम राहावं म्हणून काकूंनी यंत्राचंच एक रिकामं खोकं मला अंगरख्यासारखं घातलं. वाफ जायला एक भोक पाडलं. वरचा कागद तसाच राहू दिला: ‘सापडल्यास हवामान केंद्रात आणून द्यावे. घाबरू नये.’ आणि काकांना जवळचं दिसत नव्हतं.

“अहो, चष्मा लावा की!” काकू म्हणायच्या.

“म्हातारा दिसतो मी त्यात.”

“मग आत्ता काय बाळ दिसताय?”

दोनदा चुकीची दोरी बांधून झाली होती. केंद्रप्रमुख मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “काका, आणखी एक चूक झाली की तुमची बदली भांडारात. तिथे फुगे नाहीत, खिळे आहेत.” त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही. मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी ते माझ्यातच होतं.

आणि त्याच आठवड्यात काकांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि मला फुग्याला बांधलं.

मित्रांनो, काय सांगू! पोटात गरम सूप, दोन उकडलेले बटाटे, एक अंडं, आणि खाली काकांचं टक्कल लहान लहान होत चाललेलं! वाफेच्या भोकातून मी सगळं पाहिलं. आधी लागलं तपांबर. ढग, पाऊस, वादळ, सगळा गोंधळ याच सगळ्यांत खालच्या थरात. जसजसं वर जावं तसतशी थंडी वाढते. बटाटे एकमेकांना चिकटले. हवा मात्र चवीला तीच: शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन, एकवीस भाग ऑक्सिजन, उरलेल्यात थोडा आरगॉन आणि चिमूटभर कार्बन डायऑक्साइड. ओलावा तेवढा कमी होत गेला. प्रमाण तेच, पण हवा विरळ. पाहुणे वाढले की काकूंच्या सुपाचं जे होतं, तेच.

मग स्थितांबर! ना ढग, ना धक्के. आणि गंमत म्हणजे इथे आणखी वर गेलं की थंडी कमी होऊ लागते, कारण इथला ओझोन उन्हातले घातक किरण स्वतः झेलतो आणि तापतो. एवढ्यात माझं झाकण खोक्याचा कोपरा फोडून फट्कन उडालं. बाहेर हवेचा दाब जवळजवळ उरलाच नव्हता. आणि माझं कोमट सूप खदखदा उकळायला लागलं! चूल नाही, काडी नाही, काकू नाहीत! दाब इतका कमी झाला की कोमट पाणीही उकळतं. उकळता उकळता ते गारठलं, ही त्याहून मोठी गंमत. स्थितांबराच्याही वर मध्यांबर, जिथे उल्का जळून जातात. मला तिथेही जायचं होतं. पण फुगून फुगून घराएवढा झालेला फुगा फुटला.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर काकूंकडून कळलं. मोठ्या बाई पडद्यासमोर बसल्या होत्या. अर्धा तास झाला तरी तापमान खोलीएवढंच.

“काका, फुगा वर गेलाय की चहाला?”

काकांनी टेबलावरचं यंत्र हात लांब करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. धावाधाव करून दुसरा फुगा सोडला. नोंद उशिरा का होईना, गेली. पण बाईंनी भांडाराची किल्ली काकांसमोर ठेवली.

तेवढ्यात दारात दूधवाल्या आजी उभ्या. पॅराशूटला लटकत मी त्यांच्या गोठ्यावर उतरलो होतो. कागद वाचून त्यांनी मला दोन्ही हातांनी जपून आणलं होतं, न घाबरता. बाईंनी खोकं उघडलं. आत तडकलेलं अंडं आणि दगडासारखे दोन बटाटे.

“बाई,” आजी गंभीरपणे म्हणाल्या, “हवामान कसं आहे? शिजलंय का?”

मोठ्या बाई हसल्या. केंद्रात हे आधी कोणी पाहिलं नव्हतं. हसून झाल्यावर त्यांनी किल्ली उचलली. “चष्मा. उद्यापासून. नाहीतर खिळे.”

काकांनी खिशातून चष्मा काढून तिथेच लावला. म्हातारे दिसले. फुगे मात्र त्यांच्याकडेच राहिले.

आता माझ्या चारही बाजूंना काकूंनी लाल रंगात ‘जेवण’ लिहिलं आहे. माझं झाकण वरून कुठे पडलं कोण जाणे, ते काही मिळालं नाही. आता नुसतं ताट झाकतात माझ्यावर. म्हणून एकच विनवणी. वरून पृथ्वीच्या कडेला मी एक निळी, बारीक रेघ पाहिली. तेवढीच तुमची हवा. पृथ्वीचं झाकण म्हणा. त्याच्याखाली तुम्ही सगळे, काका, काकू, दूधवाल्या आजी. धूर सोडताना, कचरा जाळताना जरा जपा. माझं झाकण गेलं तर ताट तरी मिळालं. एवढं मोठं ताट मी अजून कुठेच पाहिलेलं नाही.