माळावरचा होकार

ब्यार्नातने मला लग्नाचं विचारलं तेव्हा माझ्या तोंडात अर्धी काकडी होती. शेपू घालून आंबवलेली, माझ्याच बरणीतली. हुचिना गावाच्या मोठ्या तळ्याच्या बांधावर आम्ही दुपारचं खायला बसलो होतो. उकडलेले बटाटे, चक्का, वरून जवसाचं तेल. तो बटाट्याचं साल काढता काढता म्हणाला, "लेयना, दोघांनी दोन घरांत दोन चुली कशाला पेटवायच्या? करू या का लग्न?"

मी काकडी चावली, गिळली आणि म्हणाले, "आणखी एक देऊ?"

"काय देतेस? होकार?"

"काकडी."

"दे," तो म्हणाला, आणि विषय तिथेच राहिला.

ब्यार्नात आमच्याच गावचा. शाळेत माझ्या पुढे होता, तेव्हाही माझ्या वेण्या ओढण्यापलीकडे त्याने काही कर्तबगारी केली नव्हती. जन्मभर तळ्यांवर कामाला होता, कार्प मासे वाढवायचे, शरद आला की तळी उपसून पकडायचे. त्याची बायको हिल्झा गेली, माझा नवरा कोर्ला तिच्याही आधी गेला. मग त्याचे डोळे गेले. म्हणजे सगळी नजर नाही, मधलीच गेली. समोर उभं राहिलेलं माणूस दिसत नाही, बाजूचं झाड दिसतं. त्यामुळे तो कुणाकडेही कोंबडीसारखी मान वाकडी करून बघतो. एकट्याने सायकल चालवणं सुटलं तेव्हा महिनाभर तो घरातून बाहेर पडला नाही. आणि एक दिवस बुदिशिन शहरातून जुनी जोडसायकल विकत घेऊन माझ्या फाटकाशी हजर. "पुढच्या सीटसाठी डोळस माणूस पाहिजे," म्हणाला, "पगार नाही, गप्पा फुकट."

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही चार-पाच दिवस निघतो. रान, माळ, तळं. पुन्हा रान, माळ, तळं. आमचा मुलूख पोळीसारखा सपाट आहे, चढ म्हणून काय तो तळ्याचा बांध. मुक्कामाला खोल्या मात्र दोन घेतो. साठी उलटली तरी गावाच्या जिभेला हाड नसतं.

तर त्या रात्री मला काही धड झोप लागली नाही. नऊ वर्षं मी एकटी राहिले, आणि खरं सांगते, चांगली राहिले. हवं तेव्हा उठावं, हवं तेव्हा रांधून खावं, कुणाचे मोजे शोधायला नकोत. कशाला पुन्हा मान अडकवायची? सकाळी नाही म्हणून टाकायचं, असं मी ठरवलं.

सकाळी चष्मा सापडेना. मी उशी झटकली, पिशवी उलटी केली. ब्यार्नात न्याहारीला हाक मारायला आला, दारातच म्हणाला, "काय हरवलं?" आणि मी सांगेपर्यंत तो गुडघ्यांवर बसून पलंगाखाली हात फिरवायलाही लागला. अर्धा आंधळा माणूस, माझा चष्मा शोधतोय! धुळीने माखलेल्या हाताने त्याने चष्मा बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या नाकाऐवजी कानाकडे धरून म्हणाला, "घे. सायकल चालवणाऱ्याला दिसलं पाहिजे, माझा जीव त्यावर आहे."

मी हसले. पण पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं की माझं नाही कुठेतरी पलंगाखालीच राहून गेलं होतं.

आता हो म्हणायचं कसं, हा प्रश्न. त्याच्या तोंडावर मला जमलं नसतं. तो ती मान वाकडी करून बघणार, मी लाजणार. या वयात शोभतं का ते? मग मला सुचलं, की सायकलवर आपण पुढे असतो, त्याला आपली पाठच दिसते, आणि तीही धूसर. रान संपून मोकळा माळ लागला की बोलून टाकायचं.

रानाच्या कडेला वाट फुटते तिथे तो म्हणाला, "थांब जरा, झाडामागे जाऊन येतो." मी एक पाय टेकून थांबले. मनात वाक्यं जुळवत होते. मागून पावलं वाजली, मागच्या सीटवर धप्पकन काहीतरी आदळलं. "बसलास?" मी विचारलं. नेमका तेवढ्यात वरून क्रौंचांचा थवा कर्णा फुंकल्यासारखा ओरडत गेला. त्या गोंगाटात ब्यार्नात काहीतरी बोलला, मला ते "हं" असं ऐकू आलं. मी पॅडल मारलं.

आणि काय सांगू, सायकल पळायला लागली! पाठीवर वारा, समोर माळ जांभळ्या फुलांनी नुसता पेटलेला. आज किती हलकं वाटतंय, मी मनाशी म्हणाले. मनातलं ओझं उतरलं की असं होतं.

"ब्यार्नात," मी सुरुवात केली, "मध्येच बोलू नकोस, नाहीतर मी थांबेन." तो बोलला नाही. मला फार बरं वाटलं. मग मी सांगितलं. कोर्लाबद्दल सांगितलं, एकटीने जेवताना मी रेडिओ मोठा का लावते ते सांगितलं. बुधवारी तो येतो म्हणून मंगळवारीच केक का करते, हेही सांगितलं. "तू घोरतोस, ते भिंतीपलीकडूनही कळतं," मी म्हणाले, "तुझ्या सदऱ्यांना माशांच्या धुराचा वास येतो. तरी माझा होकार आहे. ऐकलंस ना? होकार."

मागून आवाज नाही. माणूस भारावलाय, मला वाटलं. जरा सावरू दे त्याला. मी आणखी बरंच अंतर गप्प चालवत राहिले. गप्प राहणं मला जमतं, लोक उगाच काहीही बोलतात.

माळाच्या टोकाला तळ्याकाठी मादलेनाची टपरी आहे, धुरी दिलेले मासे विकते ती. मी सायकल थांबवली. ती मासे उलटायचा चिमटा हातात घेऊन माझ्या मागे बघत राहिली.

"काकू, मागची सीट कुणासाठी राखून ठेवलीत?"

मी वळून पाहिलं. सीटवर ब्यार्नातचं जाकीट आणि पिशवी.

 पहिल्यांदा वाटलं, पडला कुठेतरी! मी फोन काढला, त्याचा नंबर लावला. माझ्या मागेच पिशवीत वाजायला लागला.

"काकू, बसा, पाणी घ्या," मादलेना म्हणाली.

"पाणी कसलं देतेस! माणूस हरवलाय माझा!"

"तुमचा कधीपासून झाला?" ती म्हणाली. पण मी तोवर सायकल वळवली होती.

जाताना जो वारा पाठीवर होता तो आता तोंडावर. दोघांची सायकल एकटीने वाऱ्यात ओढणं म्हणजे काय ते ओढणाऱ्यालाच कळतं. मी हाका मारत होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना बघत होते. त्याला समोरचं दिसत नाही, चर दिसला नसेल तर? दलदलीत शिरला असेल तर? लांडगे आमच्याकडे पुन्हा आलेत हे खरं. पण ब्यार्नातला खाऊन त्यांना पचणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. त्याने रडू थांबलं नाही. फाट्याशी पोचले. कुणी नाही. झाडाखाली लाल बेरीची झुडपं, त्यातली एक बाजू ओरबाडल्यासारखी रिकामी. नाहीच पडला, खात बसला होता! एकाच क्षणी मला देवाचे आभारही मानावेसे वाटले आणि ब्यार्नातचा कानही पिळावासा वाटला.

पण गेला कुठे? वाळूत त्याच्या बुटांचे ठसे होते, आमच्या गावाच्या दिशेने परत जाणारे. मी त्या वाटेने निघाले.

फार जावं लागलं नाही. समोरून दोन सायकली येत होत्या, एक बाई आणि एक दाढीवाला. दाढीवाल्याच्या सायकलमागे कुत्र्याला बसवायची दोन चाकांची छोटी गाडी. गाडीत, गुडघे कानांशी घेऊन, माझा ब्यार्नात. गाडीचा खरा मालक, वासराएवढा कुत्रा, बाजूने अपमान झाल्यासारखा चालत होता.

"हे तुमचे का?" बाईने जर्मनमध्ये विचारलं. वीबके तिचं नाव, नवऱ्याचं आन्सगार, बर्लिनहून फिरायला आलेले. "घरी जायचंय म्हणत होते, पण पुढच्या फाट्याला वळले होते भलत्याच वाटेला. म्हटलं, आधी माणसांत तरी पोचवू."

मी सायकल आडवी टाकली. "अरे, तुला काही अक्कल?" मी आमच्या भाषेत, सोर्बीत, सुरू झाले. "जीव गेला माझा! निघालास कुठे?"

"घरी." तो माझ्याकडे बघेना, वाकडी मान करूनही नाही. "मला समजतं, लेयना. नाही म्हणायचं होतं तर तोंडाने म्हणायचं. असं रानात टाकून जायची काय गरज होती?"

"टाकून? मी?"

"जाकीट ठेवून म्हणालो, बेरी तोडून येतो, तर तू निघालीसच. मी ओरडलो असतो. पण म्हटलं, तिला जायचं असेल तर जाऊ दे."

"अरे वेड्या, मी तुला होकार देत होते! सगळ्या माळभर! रेडिओचं सांगितलं, केकचं सांगितलं, सगळं त्या जाकिटाला सांगितलं!"

 कुत्रा खाली बसला. वीबके हळूच नवऱ्याला म्हणाली, "भांडतायत का रे?"

"नाही," मी जर्मनमध्ये तिला सांगितलं, "आम्ही लग्न करतोय."

वीबकेने टाळ्या वाजवल्या, आन्सगारने सायकलची घंटी वाजवली. ब्यार्नात मात्र गाडीतून उठायला तयार नाही.

"हे चालणार नाही," तो म्हणाला. "बर्लिनच्या लोकांना जर्मनमध्ये सांगतेस. मला आपल्या भाषेत सांग."

"एकदा सांगितलंय."

"मी नव्हतो तिथे."

"तो माझा दोष नाही."

"लेयना."

आता त्याने मान वाकडी केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवर बेरीचा लाल रस होता. मी लाजले. या वयात. "हो," मी म्हणाले. "हो, हो. पुरे? आता ऊठ तिथून, त्या मुक्या जनावराला बसू दे."

त्याला गाडीतून बाहेर काढायला आम्ही तिघं लागलो.

मग चौघंही मादलेनाच्या टपरीवर गेलो. तिने मासे दिले आणि काय घडलं ते एका शब्दानेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. बर्लिनकरांनी निरोप घेतला. आम्ही पुढच्या रानात शिरलो, आणि तिथे खरं भांडण लागलं, राहायचं कुणाच्या घरी? त्याला अंगणातली मासे धुरवायची भट्टी सोडवेना, मला माझ्या कोंबड्या. तो मागून जोरजोरात बोलत होता आणि पॅडलवर पाय नुसते ठेवून होता, हे मला चढ नसलेल्या रस्त्यावरही कळत होतं.

"पाय चालव," मी म्हणाले.

"आधी भट्टीचं ठरव."

शेवटी भट्टी माझ्या परसात आली. तळी उपसून झाली, त्यानंतरच्या शनिवारी आमचं लग्न लागलं. कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत. धुराची सवय व्हायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला.