तात्यांचा मळा

“आन ह्ये काय लिवलंय?” ठमाबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि कागदावर बोट ठेवलं. “जागा, तात्यांचा मळा. कुठल्या तात्यांचा?”

चिंतामणच्या हातातला चहा हातातच राहिला. अर्ज त्यानंच लिहिला होता. निमगाव केतकीच्या शिवारात त्या रानाला सगळेच तात्यांचा मळा म्हणतात, म्हणून त्यानंही सवयीनं तेच खरडलं. पन्नास वर्षांपूर्वी ठमाबाईंचं गाव धरणात बुडालं, तेव्हा सरकारनं तात्यांची तीन एकर काढून त्यांच्या नवऱ्याला दिली. रान नावावर झालं, पण गावाच्या तोंडातून तात्या काही गेले नाहीत.

चिंतामणच्या संस्थेची योजना तशी सोपी होती, निदान बारामतीच्या ऑफिसात बसून तरी. धरणग्रस्तांच्या वस्तीतली एक मुलगी, गावातली एक, दोघींनी मिळून धंदा उभा करायचा. ठमाबाईंची नात छकुली आणि तात्यांची नात सई, दोघींनी उसाच्या रोपांची नर्सरी ठरवली होती. जागा ठमाबाईंची, पाणी सईचे वडील दादासाहेब यांच्या विहिरीचं. एकाच कागदावर दोघांची संमती हवी होती आणि आज शेवटचा दिवस. दादासाहेबांची सही कालच झाली होती. अकरा वर्षांत चिंतामणनं अशा सात जोड्या जुळवल्या आणि सातही मोडलेल्या पाहिल्या. आठवी त्यानं स्वतःच्याच हातानं मोडायला घेतली होती.

“आज्जी, चुकलं माझं. नवा कागद करतो, नुसता गट नंबर टाकतो.”

नवा कागद घेऊन तो भर उन्हात दादासाहेबांच्या गोठ्यावर गेला. त्यांनी तो वाचला आणि परत त्याच्या हातात दिला.

“नाव कुठं गेलं?”

“गट नंबर हाय की, दादासाहेब. रान तेच.”

“माझ्या बापाचं नाव खोडायचं आन वर माझंच पाणी न्यायचं व्हय? न्हाय जमायचं. कालची सही हाय, ती चालवा.”

“आबा, नावाचं काय घेऊन बसलाय? रोपं आमीच करणार हाय ना?” गोठ्यातूनच सई वडिलांना म्हणाली.

“तू गप बस.”

दोन्ही कागद फाडून त्याच विहिरीत टाकावेत, असं चिंतामणला वाटलं. चार वाजून गेले होते. सहाच्या आत कागद इंदापूरला तालुक्याच्या कचेरीत पोचायला हवा होता.

वस्तीवर छकुली दारातच उभी होती. त्याचं तोंड बघूनच ती समजली.

“ऱ्हाऊ द्या, काका. मी जाते चाकणला, कंपनीत.”

आतून ठमाबाई म्हणाल्या, “कालचा कागद आना.”

चिंतामणनं घाईघाईनं कागद पुढं केला, पेन उघडून दिलं.

“पेन नगं. शाई द्या, अंगठ्याची.”

“आज्जी, तुम्हाला तर सही येते.”

“येती की. पर सही केली म्हंजी वाचून कबूल केल्यागत व्हतं. अंगठा आसला की लोकं म्हणत्याल, म्हातारीला वाचाया येत न्हवतं.”

“आज्जी, नको,” छकुली म्हणाली.

ठमाबाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला, अंगठा शाईवर दाबला आणि कागदाकडे न बघताच विचारलं, “कुठं लावू, सायेब?”