दुपारचे दोन ते चार

हेल्मीने दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबला, पायाने दाबून बसवला आणि मग गिटारच्या तारांखाली, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ, भांडी घासायच्या स्पंजचा कापलेला तुकडा सरकवला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पलंगाच्या कडेला तिची गाणी रेकॉर्ड करणारी रॉझ बसली होती, कोट अजून अंगातच. विनिपेगहून आठ तास गाडी चालवत ती आली होती, आणि आल्यापासून तिला कुजबुजतच बोलावं लागत होतं.

"हे काय चाललंय?"

"बाबा झोपलेत."

"ते कळलं गं. स्पंज कशाला?"

"तार मोकळी सोडली की आवाज भिंतीतून जातो. भिंत म्हणजे नुसती फळी आहे. तू ऐक तर."

हेल्मीने सहा गाणी म्हटली. आवाज खालच्या पट्टीत, शेजारी बसलेल्याच्या कानात काही सांगावं तसा. पहिल्या अल्बमच्या वेळी या बाईच्या आवाजापुढे माइक कुठे ठेवायचा याचीच रॉझला पंचाईत पडली होती. तीच बाई आता श्वाससुद्धा बेताने घेत होती. चौथ्या गाण्यात ती मधेच थांबली, मान तिरकी करून तिने भिंतीकडे कान दिला, पलीकडे हालचाल नाही याची खात्री केली आणि पुढची ओळ घेतली.

गाणी संपल्यावर रॉझने कोट काढला.

"छान आहेत. आता खरी कधी ऐकवणार?"

"हीच खरी."

"म्हणजे ड्रम नाहीत?"

"नाहीत."

"कॉर्कीला सांगितलंस?"

हेल्मीने स्पंजचा तुकडा काढून खिशात ठेवला.

कॉर्की तिचा ड्रमवाला. बारा वर्षं दोघं एकाच बँडमध्ये होती. बँड फुटला तेव्हा तो हिच्याबरोबर आला. 'भट्टी' हा हेल्मीचा पहिला स्वतंत्र अल्बम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओरडून गायलेला होता, आणि त्यातलं निम्मं यश कॉर्कीच्या हातांचं होतं, असं ती स्वतःच सांगायची. लोक त्या गाण्यांवर घसा बसेपर्यंत ओरडायचे. रेकॉर्ड कंपनीला दुसरा अल्बम तसाच हवा होता, जमलं तर आणखी मोठ्याने.

फेब्रुवारीत अंगणातला बर्फ उपसताना आर्वो कांगास पडले. ते हेल्मीचे वडील. थंडर बेच्या बंदरावर, धान्याच्या कोठारांत चौतीस वर्षं काम केलेला माणूस, फावड्यासकट आडवा झाला. पक्षाघाताच्या झटक्याने उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं, आणि आवाज सोसेनासा झाला. चमचा खाली पडला तरी ते डाव्या हाताने डोकं धरून बसायचे. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, भावंड नव्हतं. आठवड्यासाठी म्हणून आलेली हेल्मी मे महिना उजाडला तरी तिथेच होती. सेहेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा आपल्या शाळकरी वयातल्या खोलीत झोपत होती. दिवसभरात तिचे असे दोनच तास होते, जेवणानंतर बाबा आडवे होत तेव्हाचे. त्या दोन तासांत ती एवढ्या हळू आवाजात जे जमेल ते करायची. झोपावंसंच जास्त वाटायचं. पण झोपली तर उठल्यावर आपण कोण हे आठवणार नाही, अशी तिला भीती वाटे.

कॉर्कीला तिने दुसऱ्या दिवशी फोन केला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हणजे मी इतकं हळू वाजवायचं, की घरीच बसायचं."

"कॉर्की..."

"अगं, जमेल मला. घरी बसण्यात मी तरबेज आहे. बायकोला विचार."

तो हसला, तीही हसली. त्याने तिच्या दौऱ्यासाठी म्हणून दुसऱ्या दोन बँडना नकार दिला होता, हे तिला महिन्याभराने तिसऱ्याकडूनच कळलं. त्यानंतर तिने त्याला फोन केला नाही. काय बोलायचं हे ठरवण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

रॉझने ती गाणी कुठल्याही स्टुडिओत नेली नाहीत. जुलैत ती दोन माइक घेऊन परत आली आणि तीन आठवडे, रोज दुपारी, त्याच खोलीत, त्याच टॉवेलसकट सगळं रेकॉर्ड केलं. "बाहेर नेली तर ही गाणी लाजतील," एवढंच ती म्हणाली. नाव द्यायची वेळ आली तेव्हा हेल्मीला काही सुचेना. रॉझने टेपच्या डब्यांवर तारखेखाली वेळ लिहून ठेवली होती. 'दोन ते चार'. तेच राहिलं.

ऑक्टोबरात अल्बम बाहेर आला आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना लोकांनी तो उचलून धरला. समीक्षकांनी लिहिलं, की गोंगाटाच्या जगात एका बाईने मौनाची बाजू घेतली आहे. एकाने लिहिलं, की 'भट्टी'तली आग विझली नाही, ती राखेखाली गेली आहे. कंपनीने ही वाक्यं तिला पाठवली. तिने ती फोनवर वाचली, फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि आर्वोंच्या ताटातलं मांस बारीक कापायला घेतलं.

रेडिओची मुलाखतही तिने स्वयंपाकघरातूनच, फोनचा स्पीकर अगदी बारीक ठेवून दिली. आर्वो टेबलाशी कॉफी घेऊन बसले होते. मुलाखत घेणारी मुलगी उत्साही होती.

"दोन ते चार. पहाटेची ती भयाण वेळ. सगळं जग झोपलेलं आणि तुम्ही जाग्या. झोप न येण्यातूनच हा नवा आवाज सापडला का?"

हेल्मीने तोंड उघडलं. दुपार, टॉवेल, स्पंज, लघवीचं भांडं, गोळ्यांचा डबा. हे सगळं कुठून सुरू करायचं?

"हो," ती म्हणाली. "तसंच काहीसं."

"आणि ओरडणं सोडायचं, हा निर्णय धाडसाचा होता. विचारपूर्वक घेतलात?"

"हो. बराच विचार केला."

फोन ठेवल्यावर आर्वो तिच्याकडे बघत होते.

"रात्री तर तू घोरतेस," ते म्हणाले. शब्द एकेक करून, चिखलातून पाय काढावा तसे निघत.

"माहितीये, बाबा."

"चांगलीच घोरतेस."

त्यांनी आणखी काही विचारायला ओठ हलवले. मग कप उचलला, आणि रिकामा आहे हे दिसल्यावरही तोंडाला लावला.

अल्बम त्या घरात कधी वाजला नाही. यंत्रातून येणारा आवाज त्यांना अजून टोचायचा. त्यांनीही कधी मागितला नाही. दौरा करणं शक्यच नव्हतं. कंपनीने नाराजी कळवली, मग एका कार्यक्रमावर तडजोड झाली. नोव्हेंबरातला रविवार, दुपारी तीन वाजता, गावातल्याच फिनिश मंडळाच्या हॉलमध्ये. घरी तपासायला येणाऱ्या नर्सच्या एका मैत्रिणीने तेवढा वेळ घरी येऊन बसायचं कबूल केलं होतं. पण शनिवारी आर्वो म्हणाले, "मी येणार."

"दोनशे लोक असतील, बाबा. टाळ्या वाजवतील. तुम्हाला सोसायचं नाही."

"कानात कापूस घालेन."

"मग येऊन काय उपयोग?"

"टाळ्यांपुरता घालेन. तू गायला लागलीस की काढेन."

आणि त्यांनी खरंच तसं केलं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत, मंडळाच्या वर्धापनदिनाला घालायचा तो निळा कोट घालून ते बसले होते. प्रत्येक गाण्याआधी डाव्या हाताने आधी एका कानातला, मग दुसऱ्या कानातला बोळा काढत, मांडीवर ठेवत. हेल्मी थांबायची. सगळा हॉल थांबायचा. मागून एकाने 'भट्टी'तलं एक गाणं मागितलं. तिने हसून मान हलवली. हॉलमागच्या स्वयंपाकघरात बायका वेलदोड्याचा पाव कापत होत्या, त्यांनीसुद्धा सुऱ्या खाली ठेवल्या. गाताना हेल्मीचं लक्ष वडिलांकडे जात होतं. ते पुढे झुकले होते, एक हात कानामागे, आणि त्यांचे ओठ तिच्या ओठांबरोबर अर्धवट हलत होते. नवखा माणूस परकी भाषा वाचतो तसे.

तिसऱ्या गाण्यानंतर त्यांचे बोळे घालायचे राहून गेले. टाळ्या झाल्या, तरी ते तसेच बसून राहिले.

परतताना पाऊस की बर्फ हे ठरत नव्हतं. हेल्मी हळू चालवत होती. इतक्या महिन्यांनी उभं राहून गायली होती. कोणीतरी दिलेला पाव मागच्या सीटवर होता आणि गाडीभर वेलदोड्याचा वास होता.

"शब्द आहेत त्यांत," आर्वो म्हणाले.

"कशात?"

"गाण्यांत. मला वाटलं नव्हतं."

"गाण्यांत शब्द असतात, बाबा."

पुढचं वाक्य ते जुळवत होते. ती आता त्यांच्या गप्प बसण्याचे प्रकार ओळखू लागली होती.

"भिंतीतून शब्द येत नव्हते," ते म्हणाले. "नुसता आवाज यायचा. बारीक. थांबायचा. परत सुरू. मला वाटायचं, तू रडतेस."

तिने काच पुसणाऱ्या वायपरचा वेग वाढवला.

"तुम्ही झोपलेले असायचात."

"नाही."

"एकदाही नाही?"

"उठलो असतो, तर तू तोंड पुसून हसत आली असतीस. म्हणून पडून राहायचो. लघवी लागली तरी."

"आणि रॉझ आली तेव्हा? ती माइक घेऊन बसली होती."

"ती असताना गाणं आहे हे कळत होतं. पण ती गेली तरी तोच आवाज. मी म्हटलं, पाहुणी असली की गाते, एकटी असली की रडते."

सिग्नल लाल झाला. समोरून एक बाई कुत्र्याला ओढत गेली. आर्वो तिला बघत होते, की बघितल्यासारखं करत होते.

"जूनमध्ये मी नर्सकडून फॉर्म भरून घेतला," ते म्हणाले. "तळ्याकडच्या त्या वृद्धांच्या जागेचा. डाव्या हाताने सही केली. दोनदा. पहिली त्यांना वाचता येईना."

"बाबा."

"शुक्रवारी फोन आला. तू दुकानात होतीस. खोली मिळालीये. एक तारखेपासून."

"नाही म्हणून सांगा. मी रडत नव्हते. आता ऐकलंत ना सगळं."

"ऐकलं."

"मग?"

"अजिबात नव्हतीस रडत?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न वाजवला, आर्वोंनी डोळे मिटून डोकं धरलं, आणि तिने गाडी पुढे घेऊन कडेला, बंद झालेल्या एका दुकानासमोर उभी केली. गेल्या महिन्याभरात लोकांनी तिला बरंच काही विचारलं होतं आणि तिने सगळ्यांना 'हो' म्हटलं होतं. आताही 'अजिबात नाही' म्हणणं अवघड नव्हतं.

"कधी कधी," ती म्हणाली. "मंगळवारी."

मंगळवार आंघोळीचा. टबात प्लास्टिकची खुर्ची ठेवून ती त्यांना बसवायची आणि नजर नळावर ठेवून साबण लावायची. ते छताकडे बघत, आणि तळ्यावर आज वारा कसा असेल ते बोलत. सत्तर वर्षं हा माणूस शनिवारी संध्याकाळी सॉनाच्या वाफेत बसून, मग बर्फ अंगाला चोळून, एकटा स्वच्छ झाला होता.

आर्वोंनी मान डोलावली. तोंडाची डावी बाजू जराशी हलली.

"मंगळवारी मीही," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी, ते बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसलेले असताना, हेल्मीने स्वयंपाकघरातून त्या जागेचा नंबर लावला. खोली नको म्हणून सांगायचं, असं रात्री ठरवूनच ती झोपली होती. वाक्यही तयार होतं. पलीकडची बाई प्रेमळ होती. तिने नाव विचारलं, कागद चाळले आणि म्हणाली, "हां, कांगास. मग एक तारखेला येताय ना?"

हेल्मीने ओट्यावर हात टेकला. पाणी उकळत होतं. फोनवर ती बाई वाट बघत होती, घाई न करता.

"हो," हेल्मी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मला एक विचारायचं होतं."

बोलणं संपल्यावर तिने कॉफी गाळली, दोन कप भरले आणि ती बाहेर आली. आर्वोंनी मान वळवली नाही.

"काय म्हणाल्या?"

"एक तारीख. सकाळी दहा." तिने त्यांचा कप डाव्या हाताच्या टप्प्यात ठेवला. "आंघोळ कोण घालतं ते विचारलं मी."

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"पुरुष आहे," ती म्हणाली. "कोस्की नावाचा. आपल्यातलाच आहे, फिनिश."

आर्वोंनी छातीत धरून ठेवलेला श्वास हळूहळू सोडला. कप उचलला, कॉफी फार गरम आहे म्हणाले, आणि तरीही एक मोठा घोट घेतला.