कुलूप ओढून बघणारा माणूस

बातम्यांच्या वेबसाइटच्या ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. काम चाळणीचंच होतं. अख्खं जग ज्या गेमची वाट बघत बसलं होतं, त्याच्याबद्दल उठणाऱ्या आवया गोळा करायच्या आणि प्रत्येकीवर शिक्का मारायचा: पक्की, ऐकीव किंवा थाप. गेम गुन्हेगारीचा. शहरभर मोकळं हिंडायचं, हवी ती गाडी पळवायची, हवं ते दुकान लुटायचं. कंपनी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली, त्यामुळे रिकामटेकड्यांच्या गप्पांना ऊत आला होता. कुणी म्हणे नायक शेवटी मरतो, कुणी म्हणे नायक नाहीच, नायिका आहे. कुणाच्या मावसभावाच्या मित्राने तर गेम खेळूनही टाकला होता. चाळणीचा नियम एकच. शिक्क्याखाली कारण लिहायचं, आणि 'मला वाटतं' हे कारण धरायचं नाही. म्हणून तर लोक तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत.

अडचण एवढीच, की तिचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत होता. गेममधल्या रस्त्यावरच्या माणसांना चाल आणि लकबी द्यायचं त्याचं काम. तो लागला तेव्हाच दोघांनी ठरवून टाकलं होतं, घरात त्या गेमचं नावही काढायचं नाही. जेवताना आईने विचारलं, "काम कसं चाललंय रे?" तर तो म्हणे, "चाललंय," आणि आमटीत मीठ कमी आहे का यावर बोलणं वळे. कंपनीतून काही फुटलं तर पहिला संशय कुणावर येईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि एक दिवस फुटलंच. कुणीतरी कंपनीतल्या स्क्रीनचं फोनवर चोरून शूटिंग केलं होतं. चित्र हलत होतं. पुढे नायक गाडीत दबा धरून बसलेला. मागे गल्लीत एक म्हातारा दुकानदार शटर खाली ओढतो, कुलूप लावतो, ओढून बघतो. निघतो. थोडं पुढे जाऊन थबकतो, मागे येतो, कुलूप पुन्हा ओढतो आणि तळहात सदऱ्याच्या पाठीला पुसतो.

चाळणीचा घास तोंडातच राहिला. ते बाबा होते. त्यांना जाऊन वर्षं लोटली होती आणि आता ते तिच्यासमोर त्यांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान बंद करत होते. लहानपणी ती दोघं भावंडं कोपऱ्यावर थांबून एकमेकांना ढोसत, आता मागे फिरतील बघ. धाकट्याने कुणाला पत्ता लागू न देता बाबांना त्या शहरात नेऊन ठेवलं होतं. तिला हसू आलं, रडू आलं आणि पाठोपाठ धाकट्याची नोकरी आठवली.

संपादक टेबलाशी येऊन उभे राहिले. "सगळीकडे हेच चाललंय. लोक तुमच्या शिक्क्यासाठी खोळंबलेत."

"ऐकीव टाकते."

"ऐकीव काय? ढळढळीत दिसतंय समोर. पक्की म्हणा, नाहीतर थाप म्हणा."

पक्की म्हणावं तर कारण काय लिहायचं? आणि काहीही लिहिलं तरी कंपनी विचारणार, हिला कुणी सांगितलं? धाकटा ऑफिसचं पेनसुद्धा घरी न आणणारा. त्याने हे केलं नव्हतं, पण ते ऐकून कोण घेणार? तिने थाप असा शिक्का मारला. जाणूनबुजून खोटा मारलेला तो पहिलाच. आता त्यालाही कारण हवं होतं, आणि ते चोख हवं होतं. तिने लिहिलं, 'मागचा म्हातारा बघा. एवढी मोठी कंपनी एका बिननावाच्या दुकानदाराला दोनदा कुलूप ओढायला लावण्यात वेळ घालवेल? हे कुणा हौशी माणसाचं काम आहे, आणि तेही हास्यास्पद.'

लोकांनी म्हाताऱ्याची पार टर उडवली. जो तो कॅमेऱ्यासमोर फ्रीजचं दार ओढून बघायचा, मागे यायचा, पुन्हा ओढायचा, हात सदऱ्याला पुसायचा. चाळणीला ते बघवत नव्हतं. पण धाकट्याची नोकरी शाबूत होती, आणि तिने स्वतःची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात धाकटा लवकर घरी आला. आई शेजारी गेली होती. बूट न काढताच तो बसला.

"ताई, आमच्याकडचा एक माणूस काढला आज."

"कामावरून?"

"गेममधून. साहेब म्हणाले, लोक हसतायत, नको तो. नसला की क्लिपही खोटीच ठरेल." घरात गेमबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. "तू ओळखलं नाहीस ना? एवढंच विचारायचं होतं. बरीच वर्षं झाली, होतं असं."

त्याने तिला वाट काढून दिली होती. नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"ओळखलं होतं," ती म्हणाली. "बघताक्षणी. तुझ्यावर येईल म्हणून घाबरले."

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. "नोकरी दुसरी मिळाली असती गं. बाबांची चाल मला आता नीट आठवतही नाही. आठवत होती तेव्हा करून ठेवली होती. गेम आला की आईला दाखवायची होती."

यथावकाश गेम आला. हौशी लोकांनी ती गल्ली हुडकून काढली. म्हातारा नव्हता. चाळणीचा शिक्का बरोबर ठरला आणि संपादकांनी ऑफिसात पेढ्यांचा बॉक्स फिरवला. तिने तो तसाच पुढे सरकवला.

रविवारी दुपारी तीही त्या गल्लीत गेली. गेममध्ये संध्याकाळ होत होती. एकेक शटर खाली येत होतं. तेवढं एक दुकान सताड उघडं, आत दिवा जळत होता, कारण ते बंद करणारा काढून टाकला तेव्हा शटरकडे कुणी बघितलंच नव्हतं.

आई मागे येऊन उभी राहिली. "यातलं आपल्या धाकट्याने काय केलंय?"

"इथे एक दुकानदार होता."

"आणि दुकान असं उघडं टाकून गेला?" आईला ते पटेना. "तुझे बाबा असते तर दोनदा ओढून बघितलं असतं."

चाळणीने मान हलवली. पडद्यावर एक लुटारू दुकानात शिरला. त्याला अडवायला कुणी नव्हतं.