ब्रदर लेम्युएलच्या पायांची थरथर

ब्रदर लेम्युएल फेसी प्रवचन गाऊ लागला, की चाळीस मिनिटं उलटता उलटता त्याचे पाय थरथरू लागत. आधी डावी टाच उचलली जाई, मग उजवी. मग गुडघे एकमेकांना भिडत आणि तो व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप येरझारा घाली. शब्द आखूड होत होत नुसता सूर उरे. समोरची माणसं टाळ्यांचा ठेका धरत, आणि कुणीतरी म्हातारी डोळे पुसत म्हणे, "आला, पवित्र आत्म्याचा संचार आला."

डोंगरावरच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये खालच्या तीन गावांतून माणसं चढून येत ती या संचारासाठी. पण पहिल्या बाकावर पांढरी टोपी घालून बसलेल्या इसिल्डाला, म्हणजे लेम्युएलच्या बायकोला, वेगळंच ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला त्या वेळी लघवीला लागलेली असे.

याला तीन वर्षं झाली होती. लेम्युएल सदुसष्टचा, उभा बांधा, कोनफळाची शेतं अजून स्वतः खणणारा. पण परसात गेला की बराच वेळ येत नसे, आणि आला की पाच मिनिटांत पुन्हा जाई. रात्री पाच-सहा वेळा उठे. धार सुतासारखी झालेली, मध्येच तुटणारी. कपडे इसिल्डा धूत असे. तिला सांगावं लागत नव्हतं. शनिवारी दुपारपासून तो पाण्याला शिवत नसे. विचारलं तर म्हणे, उपास आहे. उपासाच्या नावाखाली काय काय झाकलं जातं, हे एक्केचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला कळत नाही होय?

तरी ती गप्प राहिली. आणि ईस्टरनंतरच्या एका रविवारी ते गप्प राहणं खोटं बोलण्यावर गेलं. सिस्टर हायसिंथ साक्ष द्यायला उभी राहिली. म्हणाली, ब्रदर लेम्युएलचे पाय थरथरले त्याच क्षणी माझा दहा वर्षांचा आखडलेला गुडघा मोकळा झाला. सगळ्या चर्चची नजर इसिल्डाकडे वळली, आणि इसिल्डा म्हणाली, "आमेन."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. भाजलेला नीरफणस ताटात तसाच थंड झाला. हायसिंथचा गुडघा देवानं बरा केला असेल, त्याला कोण अडवतंय. पण देवाला माझ्या खोट्याचा टेकू कशाला हवा? मी आमेन म्हटलं ते कशाला म्हटलं? असं ती मनातल्या मनात देवालाच विचारत राहिली.

तिनं लेम्युएलच्या मागे लागून पाहिलं. आधी शेजारच्या मिस झेटाच्या सांगण्यावरून मक्याच्या कणसाचे केस उकळून तांब्या-तांब्यानं पाजले. त्यानं उलटंच झालं. दार अडकलेलं, आणि हिनं आत पाहुणे वाढवले. मग तिनं डॉक्टरचं नाव काढलं.

"डॉक्टरला काय सांगू?" लेम्युएल म्हणाला. "देवाच्या माणसाला मुतायला जमत नाही म्हणून?"

"देवाच्या माणसाचं मूत्राशयही देवानंच केलंय, लेम."

"माझ्या भावाला नेलं होतं. नळी लावून परत आला आणि सहा महिन्यांत गेला."

"नेण्याआधी चार वर्षं दुखणं दाबून घरात बसून होता, ते नाही सांगत तू."

त्यावर तो शेतात निघून गेला. खरी गोष्ट अशी, की त्याला नळीची भीती होतीच, पण डॉक्टर मागून बोट घालून तपासतात हे कुणीतरी दुकानाच्या ओट्यावर हसत हसत सांगितलं होतं. त्या दिवसापासून दवाखान्याच्या रस्त्यावर त्याची पावलं पडेनात.

कापणीच्या उत्सवाचा रविवार जवळ आला. वर्षातलं सगळ्यात मोठं प्रवचन त्याच दिवशी असे. गुरुवारी लेम्युएलला सर्दी झाली, नाक चोंदलं, सूर लागेना. दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून तो दिवसातून तीनदा घेऊ लागला. नाक मोकळं झालं खरं, पण रविवारी सकाळी लघवीचा एक थेंब बाहेर पडेना.

इसिल्डानं त्याचा झगा चढवताना पोटाला हात लावला. बेंबीच्या खाली कच्च्या भोपळ्यासारखं टणक लागलं. तिचा हात लागताच तो कळवळला.

"आत्ता जाऊ या," ती म्हणाली.

"प्रवचन झालं की."

"लेम, हे थांबायचं दुखणं नाही."

"तासाभराचं काम आहे, मिस इसी. तीन गावं आलीत." आणि तो बाहेर गेला.

व्यासपीठाखाली कोनफळं, भोपळे, केळ्यांचे घड, उसाची कांडकी रचली होती. लेम्युएलनं बायबलातली याकोबाची कथा घेतली. नदीकाठी याकोब रात्रभर देवदूताशी झोंबला, पहाटे आशीर्वाद मिळाला तो मांडीचा सांधा निखळूनच. लेम्युएलचा आवाज त्या दिवशी असा लागला, की इसिल्डालाही क्षणभर सगळ्याचा विसर पडला. मोठ्या गवयाचा दाणेदार आवाज नव्हता तो. वापरून वापरून मऊ झालेल्या पायरीसारखा होता, कुणीही पाय ठेवावा असा. "मी तुला सोडणार नाही," तो गाई, आणि माणसं उलट गात, "आशीर्वाद दिल्याशिवाय."

पाऊण तास झाला. पाय थरथरले नाहीत. लेम्युएल दोन्ही हातांनी लाकडी कठडा धरून एका जागी उभा होता आणि हनुवटीवरून घाम गळत होता. माणसांना वाटलं, संचाराला उशीर होतोय, आपण हातभार लावावा. टाळ्या जलद झाल्या. हायसिंथ उभी राहून म्हणू लागली, हलव त्याला, प्रभू, हलव. लेम्युएलनं ओळ घेतली, "मी तुला...", आणि पुढचं त्याच्या घशात राहिलं.

इसिल्डा उठली. बाईमाणसानं प्रवचन चालू असता व्यासपीठावर चढायची तिथं रीत नव्हती. ती भोपळ्यांना वळसा घालून चढली आणि नवऱ्याच्या कमरेला हात घालून उभी राहिली. टाळ्या एकेक करून थांबल्या.

"हा संचार नाही," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण पत्र्याखाली शेवटपर्यंत पोचला. "सकाळपासून त्याची लघवी अडलीय. तीन वर्षं दुखणं अंगावर काढतोय. पाय थरथरायचे ते त्यानं धरून ठेवलेली असायची म्हणून. मला ठाऊक होतं आणि मी आमेन म्हटलं. देव मला क्षमा करो. आता गाडी कुणाची आहे?"

लेम्युएलनं डोळे मिटून घेतले होते. मग टॅक्सीवाला क्लीव्हलंड घसा खाकरून म्हणाला, "गाडी आहे, मदर इसिल्डा. पण मागच्या सीटवर मिस झेटाची कोनफळं आहेत."

"मांडीवर घेईन," इसिल्डा म्हणाली.

समुद्रकाठच्या शहरात उतरेपर्यंत दर वळणावर तो कण्हत होता, आणि तिच्या मांडीवर खरोखरच पोतं होतं. एकदाच त्यानं तोंड उघडलं. "सगळ्यांसमोर उघडा केलास मला." तिनं पोतं सावरून धरलं. खरंच होतं ते.

सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेनं नळी घातली. पिशवी भरली, बदलली, पुन्हा भरत आली. लेम्युएलचा चेहरा दूध पिऊन झोपणाऱ्या बाळासारखा सैल पडला. ड्यूटीवरची डॉक्टर त्याच्या नातीच्या वयाची पोर. तिनं आधी विचारलं, सर्दीचं औषध घेतलं का. मग सांगितलं, की उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, ती मूत्राशयाचं तोंड आवळते, आणि नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या ते तोंड अजून घट्ट करतात. पण भीती तेवढ्याची नव्हती. इतकी वर्षं मागे तुंबलेलं पाणी किडन्यांपर्यंत चढलं होतं, दोन्ही सुजल्या होत्या, आणि रक्ताच्या तपासणीतही ते दिसत होतं.

"रात्री सारखं उठावं लागणं, धार बारीक होणं, एवढ्यावरच यायला हवं होतं," ती म्हणाली. "लघवीत रक्त दिसलं, ताप येऊन पाठ दुखली, लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी. काही किडन्या सावरतात, आजोबा. काही नाही सावरत. तुमच्या कोणत्या, ते आता किंग्स्टनचे मूत्रविकारतज्ज्ञ बघतील."

दोन आठवडे पिशवी मांडीला बांधून लेम्युएल घरात बसला. बायकोशी कामापुरतं बोले. चर्चमधून कुणी आलं नाही; फक्त हायसिंथ एकदा सुपाचं भांडं दाराशी ठेवून ठणठणीत गुडघ्यानं टेकडी उतरून गेली.

राजधानी किंग्स्टनचे तज्ज्ञ जाड भिंगांचे, सावकाश बोलणारे होते. बोट घालून तपासणी झाली. लेम्युएलनं मनात अर्धं स्तोत्रही म्हटलं नसेल, तोवर ती संपली होती. मग त्यांनी वही उघडून विचारलं, "हे सगळं कधीपासून?"

"काही महिने," लेम्युएल म्हणाला.

इसिल्डा खिडकीकडे बघत राहिली. जीभ दाताखाली धरली होती तिनं. एकदा ती त्याच्या वतीनं बोलली होती. हे त्याचं त्यालाच बोलायला हवं होतं. नाही बोलला, तर पुढेही नाही बोलणार, आणि हिच्या हाताशी अर्धवट बरा झालेला नवरा राहील. डॉक्टर लेखणी धरून थांबले होते.

"तीन वर्षं," लेम्युएल म्हणाला. मग त्यानंच पुढे सांगितलं, "उभं राहून धरून ठेवायचो. लोक म्हणायचे, संचार आहे. मलाही ते गोड वाटायचं. हिनं एकटीनं पाप केलं असं ही समजते, पण माझे पाय कशानं हलतात ते मलाच आधी ठाऊक होतं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. मग रक्ताचा नवा कागद पुढे केला. किडनीच्या बिघाडाचे वाढलेले आकडे अर्ध्यावर उतरले होते. पूर्ण खाली येतील असं वचन देता येत नाही, ते म्हणाले, पण वेळेत आलात. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया. लेम्युएलनं विचारलं, गायला किती दिवसांनी मिळेल. "गाणं छातीनं गातात," डॉक्टर म्हणाले, "उद्या गा. कोनफळं मात्र सहा आठवडे उचलायची नाहीत, शस्त्रक्रियेनंतर."

बाहेर ऊन होतं. तो हळू चालत होता, आणि इसिल्डानं आपली चाल त्याच्या चालीला जुळवली. क्लीव्हलंडची गाडी दिसली तसा तो थांबला.

"पुढच्या खेपेला मागची सीट रिकामी ठेवायला सांग," तो म्हणाला. "बेसिल आणि थोरला मर्टन, दोघांना आणायचंय."

"त्यांना काय झालंय?"

"प्रवचनाआधी चर्चच्या मागच्या भिंतीशी आम्ही तिघं उभे असतो, मिस इसी. अर्धा अर्धा तास. कुणी कुणाकडे बघत नाही."

इसिल्डानं ओठ घट्ट मिटले, पण हसू आवरेना. तिनं त्याचा दंड धरला, आणि तोही मग गुणगुणत चालू लागला.