सुभद्रेच्या छातीतला त्रिशूळ

सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे विभागापुढे त्या सकाळी शंभरेक माणसं उभी होती आणि त्यांतल्या एकालाही खोकला नव्हता. आपल्या छातीत कोणता देव बसलाय, ते साऱ्यांना फोटोत बघायचं होतं. एका म्हातारीने तर तिथल्या आयाबाईला, पंचफुलाला, हळूच विचारलं, की देवी निघाली तर ओटी इथंच भरायची का.

हे खूळ सुरू झालं खापा गावच्या सुभद्रेपासून. तिला क्षय होता, सुया चालू होत्या. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या छातीचा फोटो काढला, तर त्यात पांढराशुभ्र त्रिशूळ उमटला. तिचा नवरा रुपराव तो फोटो डॉक्टरांऐवजी थेट गावातल्या त्रिशूळबाबांकडे घेऊन गेला. बाबांनी तो उन्हात धरला, डोळे मिटले आणि सांगितलं, की खुद्द सरकारी मशीनने गवाही दिली आहे, साक्षात शंभो आत विराजमान आहेत, आता सुया बंद. सुई देवाला टोचते, हे बाबांना कळत होतं. सुई न घेतल्यावर सुभद्रेचं काय होईल, ते त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

पंचफुलाला खरं ठाऊक होतं. फोटोआधी बायकांच्या अंगावरचं धातूचं सगळं उतरवून घेणं हे तिचंच काम. त्या दिवशी सुभद्रेच्या वेणीखाली, पाठीवर, काळ्या दोऱ्यात पत्र्याचा त्रिशूळ होता. बाबांनी बांधलाय, काढला तर मी मरेन, म्हणून ती रडली आणि पंचफुलाने राहू दिला. आता हे सांगायचं म्हणजे नोकरीवर पाणी. कायम व्हायला तीनच महिने उरले होते.

पण त्या सकाळी बाबा सुभद्रेला मिरवत तिथंच घेऊन आले, मागे फोटो घेऊन रुपराव. चार पायऱ्या चढताना ती तीनदा बसली. पंचफुला सरळ टेक्निशियन चंपतरावांकडे गेली.

"चूक माही हाये, साहेब. पण त्या बाईच्या सुया बंद पडल्या."

चंपतराव म्हणाले, "मेमो भेटन तुले." आणि फिल्म भरायला गेले.

पंचफुलाने एका भक्तिणीचा त्रिशुळाचा दोरा मागून आपल्या पाठीवर सोडला आणि मशीनपुढे उभी राहिली. ओली फिल्म दिव्यापुढे लागली, तर पंचफुलाच्या छातीतही त्रिशूळ. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातली बाई! बाबा म्हणाले, ही सुभद्रेला शिवली, म्हणून शक्ती उतरली. दोरा काढून दुसरा फोटो काढला. त्रिशूळ गायब. बाबा म्हणाले, देव विटाळून निघून गेले. हा शब्द पंचफुलाने लहानपणापासून ऐकला होता. तिसऱ्यांदा चंपतरावांनी नुसता पत्र्याचा त्रिशूळ फिल्मवर ठेवला. छाती नाही, बाई नाही, तरी देव हजर. बाबा खाप्याच्या मोटारीची वेळ विचारू लागले.

पंचफुलाने सुभद्रेचा जुना फोटो रुपरावकडून मागून घेतला आणि तिच्याजवळ बसली.

"हा पत्रा हाये, बाई. काढला का गेला. पण हे वर पाह्य, कापसावानी. हे माह्या फोटोत नाही. हे तुया छातीत हाये, अन् हे दोऱ्यानं जात नाही."

सुभद्रा बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली. इतक्या लोकांनी तो फोटो पाहिला, हात जोडले. तिचा आजार मात्र कोणीच पाहिला नव्हता. ती रुपरावला म्हणाली, "मले सुईच्या खोलीत घेऊन चाला."

पंचफुलाला मेमो मिळाला आणि कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं. खाप्यात बाबांचा मठ अजून आहे, गर्दी थोडी कमी झाली इतकंच. मशीन खोटं बोलत नाही, पण त्याच्यापुढे जे ठेवाल तेच ते दाखवतं. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारावं, की मध्ये काय ठेवलं होतं आणि कोणी.